काजळी आणि मद्यार्क

ज्या घरांत एके काळीं रॉकेलचा स्टोव्ह वापरांत होता, त्या घरांतील कोणाहि गृहिणीस मद्यार्क आणि काजळी यांचें नातें रसायनशास्त्राचें पुस्तक न उघडतां ठाऊक असे. स्टोव्ह पेटवावयाचा म्हणजे प्रथम त्याच्या गळ्याशीं असलेल्या लहानशा वाटींत स्पिरिट ओतावयाचें, त्यास काडी लावावयाची, आणि वरची नळी चांगली तापली म्हणजे मग पंप मारावयाचा, असा तो विधि होता. स्पिरिटाची ज्योत निळसर, दिवसाउजेडीं जवळ जवळ न दिसणारी. तिनें पितळेवर डाग म्हणून पडत नसे. पण महिनाअखेरीस स्पिरिटाची बाटली कोरडी पडली कीं त्याच वाटींत रॉकेल पेटवण्याची पाळी येई, आणि मग ती भडकलेली पिवळी ज्योत, तिच्या शेंड्यावर नाचणारा काळा धूर, भिंतीवर उमटलेला त्याचा पट्टा, आणि दुसऱ्या दिवशीं राखेनें भांडीं घांसतांना आमच्या आईच्या तोंडून निघणारें ठरलेलें वाक्य : "स्पिरिटाचे चार आणे वांचले, आणि हाताचीं सालपटें गेलीं."

काजळी ही केवळ उपद्रवी वस्तु आहे असें मात्र नाहीं. तुपाच्या दिव्यावर तांब्याचें भांडें पालथें धरून ती जमविली तर तिचें काजळ होतें. डिंकाच्या पाण्यांत खलली तर शाई होते, आणि आपल्या कित्येक जुन्या पोथ्या अशाच शाईनें लिहिलेल्या आहेत. शेंकडों वर्षांत त्यांचीं अक्षरें फिकीं पडलीं नाहींत, याचें कारण कर्बाला ऊन, पाणी व हवा यांपैकीं कोणीच सहजासहजीं बदलूं शकत नाहीं. पण पोथींत जो टिकाऊपणाचा गुण ठरतो तोच फुप्फुसांत दोष ठरतो. लंडन येथील पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं धुराडीं साफ करणाऱ्यांना जडणाऱ्या एका कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडून दाखविला. धंद्यांतील एखाद्या पदार्थामुळें कर्करोग होतो हें जगापुढें आलें तें प्रथम या उदाहरणानें. पुढें दीडशें वर्षांनीं, १९३३ सालीं, लंडन येथेंच डांबरांतून बेंझोपायरीन नांवाचें द्रव्य निराळें काढण्यांत आलें, आणि काजळीच्या अंगीं असलेल्या विषाचा एक चेहरा ओळखूं आला. तें द्रव्य अनेक षट्कोनी कड्या एकमेकींस जोडून बनलेलें आहे; ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन या कड्यांभोंवतींच फिरणार आहे.

आज आपल्या देशांत पेट्रोलपंपावर जें पेट्रोल मिळतें त्यांत वीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिसळलेला असतो. या मिश्रणाविषयीं वर्तमानपत्रांतून वाद होतो तो मोटारींचे रबरी भाग, लिटरमागें पडणारे मैल, उंसाचा भाव आणि परकीय चलन यांविषयीं. काजळीचें नांव त्यांत क्वचितच निघतें. आणि निघालें तर स्टोव्हच्या वाटीवरून जो निष्कर्ष निघतो तोच गृहीत धरला जातो, कीं मद्यार्क घातला म्हणजे धूर कमी झालाच पाहिजे. हा निष्कर्ष खोटा नाहीं. परंतु तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग मनुष्याच्या हातीं कसा आला, याची हकीकत बरीच जुनी आणि बरीच वांकडीतिकडी आहे.

ज्योत प्रकाशमान कां असते, हा प्रश्न प्रथम नीटपणें सोडविला तो हंफ्रे डेव्ही यानें. कोळशाच्या खाणींत स्फोट होऊं नयेत म्हणून १८१५ सालीं त्यानें आपला सुप्रसिद्ध दीप तयार केला, आणि त्या निमित्तानें ज्योतीवर जे प्रयोग केले त्यांतून त्याच्या ध्यानीं आलें कीं मेणबत्तीचा पिवळा उजेड हा ज्योतीच्या आंत निर्माण झालेल्या कर्बाच्या घन कणांचा उजेड आहे. लोहाराच्या भट्टींत लोखंड तापून जसें झळकतें तसे हे कण झळकतात, व ज्योतीच्या कडेला प्राणवायु भेटतांच जळून जातात. डेव्हीचा शिष्य मायकेल फॅरडे यानें हीच गोष्ट रॉयल इन्स्टिट्यूशनमधील नाताळच्या व्याख्यानांत मुलांपुढें मांडली. मेणबत्तीवरील त्याचीं १८६० च्या नाताळांतील व्याख्यानें पुढें १८६१ सालीं पुस्तकरूपानें निघालीं आणि अद्याप वाचलीं जातात. वांकविलेल्या कांचेच्या नळीचें एक टोंक ज्योतीच्या काळसर गाभ्यांत धरलें कीं दुसऱ्या टोंकांतून बाहेर येणारी वाफ पेटवितां येते; तेंच टोंक ज्योतीच्या झळकत्या भागांत नेलें कीं नळींतून काळा धूर वाहूं लागतो. म्हणजे मेणबत्ती ही स्वतःच काजळी तयार करून स्वतःच ती खाऊन टाकणारी वस्तु आहे. खाणें पुरें झालें तर प्रकाश, अपुरें राहिलें तर धूर.

मद्यार्काची ज्योत निळी कां, याचें उत्तर यांतच आहे. तिच्यांत घन कण जवळ जवळ निर्माणच होत नाहींत. मद्यार्काच्या रेणूंत कर्बाचे अणु दोनच. आणि त्यांपैकीं एकाला प्राणवायु आधींच चिकटलेला. वजनानें पाहिलें तर मद्यार्काचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग प्राणवायुच आहे. उष्णतेनें रेणु फुटला तरी जो कर्ब प्राणवायूच्या हातीं लागलेला आहे तो त्याचाच हात धरून वायुरूपानें निघून जातो. काजळीच्या कामाला तो मोकळा सांपडत नाहीं. पेट्रोलची गोष्ट निराळी. पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेंकडों पदार्थांचा मेळा आहे, आणि त्यांत बेंझीन, टोल्युईन, झायलीन हीं जीं सुगंधी वर्गांतील द्रव्यें असतात त्यांच्या पोटांत ती षट्कोनी कडी तयारच असते. प्राणवायूची टंचाई आणि कडक उष्णता अशा जागीं हे रेणु सांपडले कीं कडीला कडी लागते, कड्यांची जाळी होते, जाळीवर जाळी बसते, आणि पाहतां पाहतां वायूचा घन कण होतो. मनुष्याच्या एका केसाच्या जाडींत असे हजारावर कण ओळीनें मावतील, इतका तो लहान. काजळी ही अशी कडी-कडीनें विणली जाते. मद्यार्काजवळ त्या विणकामाचें सूत फारच थोडें.

हें शास्त्र कळण्यापूर्वींच व्यवहारानें मिश्रणाचा उपयोग ओळखला होता, आणि तो मोटारींत नव्हे तर दिव्यांत. आजच्या वादांत ही गोष्ट कोणी सांगत नाहीं म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत दिव्यासाठीं देवमाशाचें तेल वापरीत, आणि तें महाग होत चाललें होतें. पाइनच्या झाडांपासून मिळणारें टर्पेंटाइन स्वस्त होतें, पण तें नुसतें जाळलें तर घर काजळीनें भरून जाई. उलट नुसता मद्यार्क जाळला तर धूर नाहीं, पण उजेडहि नाहीं. कारण, वर सांगितल्याप्रमाणें, उजेड हा त्या काजळीच्याच कणांचा! तेव्हां दोहोंचें मिश्रण करण्याची युक्ति निघाली. १८३० सालीं तिचें पेटंट घेतलें गेलें, आणि 'जळणारें द्रव' अशा सरळ नांवानें हा माल घरोघर गेला. मद्यार्काचा भाग मोठा, टर्पेंटाइनचा लहान. उजेडापुरता कर्ब यावा आणि धुरापुरता उरूं नये, असें तें प्रमाण. मद्यार्क मिसळून काजळी आंवरण्याचा हा पहिला मोठा सार्वजनिक प्रयोग होय असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याला एक भयंकर दोष होता. हें द्रव फार लवकर वाफाळे, आणि पेटत्या दिव्यांत तें ओततांना स्फोट होऊन माणसें भाजत. तरी त्याचा खप वाढतच गेला, कारण मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असा स्वच्छ उजेड दुसरा नव्हता.

हा दिवा स्फोटांनीं विझला नाहीं. तो करानें विझला. १८६२ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं सरकारनें मद्यार्कावर गॅलनला वीस सेंट कर बसविला, आणि तो वाढत वाढत १८६५ च्या आरंभीं दोन डॉलरवर पोंचला. प्यावयाची दारू आणि जाळावयाची दारू असा भेद त्या कायद्यांत नव्हता. दारू पिणारा मनुष्य कर देऊनहि पितो. दिवा जाळणारा दुसरें तेल शोधतो. १८५९ सालीं पेनसिल्व्हानियांत खनिज तेलाची विहीर लागलेलीच होती. कांहीं वर्षांच्या आंत रॉकेलनें घरें जिंकलीं, आणि त्याच्याबरोबर दिव्याची कांच रोज पुसण्याचें काम जगभरच्या बायकांच्या वांट्यास आलें. कोंकणांतल्या ओसरीवर कंदिलाची कांच रांगोळीनें घांसणाऱ्या मुलीला ठाऊक नव्हतें, पण तिच्या त्या कामाचा एक धागा वॉशिंग्टनच्या करखात्यापर्यंत जात होता. तो कर औद्योगिक मद्यार्कापुरता उठला तो १९०६ च्या कायद्यानें. तोंवर चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

एंजिनाचा इतिहास याहून फार निराळा नाहीं. अमेरिकेंतील सॅम्युएल मोरे यानें १८२६ सालीं ज्या वायुयंत्राचें पेटंट घेतलें त्यांतहि मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांचीच वाफ जळत असे. पुढें मोटारी आल्या, तेव्हां ज्या देशांत खनिज तेल नव्हतें आणि बीट व बटाटे विपुल होते, त्या फ्रान्स व जर्मनी या देशांनीं मद्यार्काचा पुरस्कार केला. १९०२ च्या मे महिन्यांत फ्रान्सच्या उत्तर भागांत मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारींची मोठी शर्यत झाली, आणि ती मॉरिस फार्मन यानें जिंकली. शर्यतीमागचा खरा हेतु शेतकऱ्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचा होता. मद्यार्काचे पुरस्कर्ते प्रत्येक देशांत आणि प्रत्येक काळांत शेतकऱ्यांच्या बाजूनें आलेले दिसतात, डॉक्टरांच्या बाजूनें नव्हे. या हकीकतीचें हें एक वैशिष्ट्यच म्हटलें पाहिजे.

तथापि स्वच्छतेची नोंद कोणीच केली नाहीं असें नाहीं. १९०७ व १९०८ या दोन वर्षांत अमेरिकेच्या भूगर्भ खात्यानें सेंट लुई आणि नॉरफोक येथें पेट्रोल व मद्यार्क यांची एंजिनांत तुलना करणाऱ्या सुमारें दोन हजार चांचण्या घेतल्या. निष्कर्ष आजच्या वाचकासहि विचार करावयास लावील असा होता. मद्यार्काची दाब सहन करण्याची शक्ति पेट्रोलपेक्षां पुष्कळ अधिक. म्हणून एंजिनांतला दाब त्या मानानें वाढविला तर मद्यार्कांतील उष्णता कमी असूनहि खप फारसा वाढत नाहीं. आणि मद्यार्कावर चालणाऱ्या एंजिनाच्या नळींतून काळा वा करडा धूर निघत नाहीं. पण त्या वेळीं पेट्रोल पाण्याच्या भावानें मिळत होतें, आणि नळींतून काय निघतें हें पाहण्याची संवय कोणालाच नव्हती. अहवाल छापला गेला आणि कपाटांत गेला.

तो कपाटांतून बाहेर पडण्याची संधि एकदां आली होती. एंजिनांतला दाब वाढविला कीं पेट्रोल वेळेपूर्वीं भडके आणि एंजिन ठक् ठक् करी. या ठोक्यावर उपाय शोधण्यासाठीं जनरल मोटर्समध्यें चार्ल्स केटरिंग व थॉमस मिजली हे बराच काळ खपत होते. मद्यार्क मिसळल्यानें ठोका जातो हें त्यांस ठाऊक होतें. परंतु ९ डिसेंबर १९२१ या दिवशीं त्यांस शिशाचें एक संयुग सांपडलें. मद्यार्क मिसळावयाचा तर शेंकडा दहावीस भाग लागे, आणि तो कोणीहि शेतकरी तयार करूं शके. शिसें चमचाभर पुरे, आणि त्याचें पेटंट घेतां येई. १९२३ च्या फेब्रुवारींत शिसें घातलेलें पेट्रोल ओहायोंतील डेटन येथें विक्रीस आलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील कारखान्यांत तें द्रव्य हाताळणारे पांच कामगार वेड लागून मेले. सरकारी चौकशी झाली. आणि धंदा पुढें चालू राहिला. भारतांत शिशाच्या पेट्रोलची विक्री बंद झाली ती २००० सालीं, आणि जगांतला शेवटचा पंप अल्जीरियांत बंद झाला तो २०२१ सालीं.

शिशाची ही कथा पुष्कळांनीं सांगितली आहे, पण तिचें शेपूट सहसा सांगितलें जात नाहीं. शिसें काढून घेतल्यावर ठोका थांबविण्याचें काम कोणी तरी करावयास हवें होतें. तेलशुद्धीच्या कारखान्यांनीं तें काम दिलें बेंझीन-टोल्युईनच्या त्या सुगंधी वर्गाला, कारण ठोका थांबविण्याची शक्ति त्यांच्याहि अंगीं आहे. म्हणजे मेंदूचें विष गेलें आणि त्याच्या जागीं काजळीचें सूत आलें. मद्यार्काची खरी कामगिरी आपल्याला येथें शोधली पाहिजे असें मला वाटतें. तो स्वतः काजळी करीत नाहीं हा त्याचा लहान गुण. तो असला म्हणजे कारखानदाराला कडीवाल्या द्रव्यांचें प्रमाण कमी करतां येतें, हा मोठा. पण "करतां येतें" आणि "केलें जातें" यांत अंतर आहे. तयार पेट्रोलवर वरून मद्यार्क ओतणें निराळें, आणि मद्यार्क येणार हें जाणून खालचें पेट्रोलच निराळ्या घडणीचें करणें निराळें. पहिल्या प्रकारांत कडीवालीं द्रव्यें नुसतीं पातळ होतात. दुसऱ्यांत तीं हलकीं करावयाचीं कीं नाहींत हें कारखानदाराच्या हिशेबावर अवलंबून राहतें.

आपल्या देशांतील प्रवेश साखरेच्या मागच्या दारानें झाला. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, आणि पांचसहा वर्षांत हिंदुस्थानांतील साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपास होती ती सव्वाशेंच्या वर गेली. साखर विकली जाई. मळीचें काय करावें हें कोणास कळेना. ती ओढ्यांत सोडली तर पाणी नासे, खड्ड्यांत सांठविली तर आसमंत आंबट वासानें भरून जाई. तिच्यापासून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्यें घालावा ही कल्पना तेव्हांच पुढें आली. म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांनीं तींत आधीं पाऊल टाकलें. बोधन येथील निजामाचा साखर कारखाना १९३७ सालचा. मग महायुद्ध आलें, पेट्रोलला शिधापत्रिका आली, आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या शेगड्या आल्या. त्या काळच्या सर्व्हिस मोटारीनें घाट चढलेल्या मनुष्यास काजळी म्हणजे काय हें सांगावें लागत नसे; उतरल्यावर सदऱ्याची कॉलर तें सांगे. स्वतंत्र भारतानें १९४८ सालीं पॉवर अल्कोहोलचा कायदाच केला. परंतु पुढें मद्यार्काला पेट्रोलपेक्षां श्रीमंत गिऱ्हाइकें मिळालीं. रसायनांचे कारखाने, कृत्रिम रबर, आणि अर्थातच पिणारे लोक. मोटारीच्या वांट्याला कांहीं उरलें नाहीं, आणि २००० सालीं तो कायदा रद्द करण्यांत आला.

विनोद असा कीं कायदा रद्द झाल्यावर एकाच वर्षानें तीच गोष्ट पुन्हां सुरू झाली, आणि ती आपल्या दारीं. २००१ सालीं मद्यार्कमिश्रित पेट्रोलचा सरकारी प्रयोग ज्या तीन ठिकाणीं झाला त्यांपैकीं दोन महाराष्ट्रांतलीं, मिरज आणि मनमाड. तिसरें उत्तर प्रदेशांतील बरेली. मिरजेच्या आसपास उंसाचा आणि सहकारी कारखान्यांचा मुलूख आहे, हें सांगावयास नकोच. २००३ च्या जानेवारींत नऊ राज्यांत पांच टक्के मिश्रण सुरू झालें. मधलीं दहा वर्षें ते रडतखडत चाललें. २०१८ च्या धोरणानें मळीखेरीज उंसाचा रस व धान्य यांनाहि वाट मोकळी केली. २०२२ सालीं दहा टक्के झाले, आणि २०३० चें वीस टक्क्यांचें उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ सालीं गांठण्यांत आलें. उंसाची तहान, मक्याचा भाव, लिटरमागें कमी झालेले मैल, हे प्रश्न लहान नाहींत. पण ते या लेखाचे नव्हेत.

आतां त्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळूं. जुन्या मोटारींत पेट्रोल हवेंत मिसळून, त्याची वाफ होऊन, मग एंजिनाच्या नळकांड्यांत जाई. सर्वत्र सारखें मिसळलेलें मिश्रण ठिणगीनें जळालें कीं काजळीला जागाच उरत नसे. म्हणून पेट्रोलची मोटार स्वच्छ आणि डिझेलची मळकट, अशी समजूत रूढ झाली, आणि ती बरोबरहि होती. १९९६ सालीं मित्सुबिशी कंपनीनें पेट्रोल थेट नळकांड्यांत फवारणारें एंजिन बाजारांत आणलें, आणि पुढील वीस वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. कारण तींत पेट्रोल थोडें लागतें आणि जोर अधिक मिळतो. पण थेट फवारलेला थेंब वाफ होण्यास पुरेसा अवधि न मिळतां दट्ट्याच्या माथ्यावर किंवा भिंतीवर आपटतो, तेथें पातळ थर होऊन बसतो, आणि ज्वाला वरून गेल्यावर एखाद्या उघड्या पणतीसारखा जळत राहतो. डेव्ही-फॅरडेंची पिवळी ज्योत पुन्हां अवतरली, आणि तीहि सेकंदांत कित्येक वेळां! युरोपांत म्हणून पेट्रोलच्या अशा मोटारींना कणांची मोजदाद लागू झाली: २०१४ पासून दर किलोमीटरला सहा लाख कोटि कणांची मर्यादा, आणि २०१७ पासून नव्या नमुन्यांना त्याच्या एक दशांश. आंकडा ऐकून वाचक हंसतील; परंतु काजळी इतकी बारीक असते कीं तिचें वजन करण्यापेक्षां कण मोजणेंच शहाणपणाचें ठरतें.

या एंजिनांत मद्यार्क घातला तर काय होतें? प्रयोगशाळांतून याचीं जीं उत्तरें आलीं तीं प्रथमदर्शनीं एकमेकांशीं भांडणारीं होतीं. कोणास काजळी निम्म्यानें कमी झालेली दिसली, कोणास कांहींच फरक दिसला नाहीं, आणि कोणास ती वाढलेली दिसली. प्रयोग करणारे चुकले नव्हते. मद्यार्काच्या अंगीं दोन विरुद्ध गुण आहेत. त्याचें रसायन काजळीच्या विरुद्ध आहे, पण त्याचा थंडपणा तिच्या बाजूचा आहे. स्पिरिटाचा बोळा हातावर फिरवला कीं जो गारवा लागतो त्याचें मोजमाप केलें तर असें दिसतें कीं एक किलो मद्यार्काची वाफ होण्यास पेट्रोलच्या सुमारें अडीच पट उष्णता लागते. शिवाय त्यांत जळण्याची शक्ति कमी असल्यानें तो फवारावा लागतो अधिक. थंडींत सकाळीं एंजिन नुकतें सुरू झालेलें असतां ही उष्णता येणार कोठून? मग थर जाड बसतो. त्यांतहि मद्यार्क पेट्रोलमधल्या हलक्या भागांना बरोबर घेऊन आधीं उडून जातो, आणि मागें उरतात तीं जड, कडीवालीं द्रव्यें. ज्या पाहुण्याला घराबाहेर काढावयाचा तोच शेवटपर्यंत माजघरांत बसून राहावा तसें हें होतें. होंडा कंपनीच्या संशोधकांनीं २०१० सालीं पेट्रोलची काजळी करण्याची शक्ति मोजण्याचें एक सूत्र मांडलें. त्याचें सार इतकेंच कीं ज्या घटकांत कड्या अधिक आणि ज्यांची वाफ सावकाश होते ते गुन्हेगार. या सूत्रानें पाहिलें म्हणजे प्रयोगशाळांतील भांडण पुष्कळसें मिटतें. एंजिन तापलेलें, भार मध्यम, फवारा नीट बसविलेला, तर मद्यार्काचें रसायन जिंकतें आणि काजळी घटते. एंजिन थंड, पेट्रोल जड, मद्यार्क थोडासाच, तर थंडपणा जिंकूं शकतो. मद्यार्काचें प्रमाण निम्म्याहून पुष्कळ वर गेलें कीं मात्र सूतच संपतें, आणि काजळी बहुधा खालीं येते.

प्रयोगशाळेंतून रस्त्यावर यावें तर ब्राझीलकडे पाहावें लागतें. १९३१ सालीं तेथें आयात पेट्रोलमध्यें पांच टक्के मद्यार्क घालण्याचा हुकूम निघाला, १९७५ सालीं प्रसिद्ध मद्यार्क-योजना सुरू झाली, आणि २००३ पासून तेथें अशा मोटारी मिळूं लागल्या कीं ज्यांच्या टाकींत मालकानें पंपावरच्या भावाप्रमाणें मद्यार्क वा मिश्रण, काय वाटेल तें भरावें. २०११ च्या आरंभीं मद्यार्क महागला, आणि साउं पाउलो शहरांतील लक्षावधि लोक कांहीं आठवड्यांत मिश्रित पेट्रोलकडे वळले. पुढें भाव उतरतांच परतले. रस्ते तेच, मोटारी त्याच, माणसें तींच. बदललें तें फक्त टाकींतलें इंधन. कोणत्याहि शास्त्रज्ञाला पैसे देऊनहि असा प्रयोग घडवितां आला नसता. साल्व्हो, ब्रिटो, आर्ताशो व गायगर या चौघांनीं त्या काळांतील हवेच्या नोंदी तपासून २०१७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लोक पेट्रोलकडे वळले तेव्हां सकाळच्या गर्दीच्या वेळीं हवेंतील अतिसूक्ष्म कण एक तृतीयांशानें वाढले, आणि मद्यार्काकडे परतले तेव्हां घटले. हे सर्वच कण काजळीचे असतात असें नव्हे. कांहीं थंड होऊन गोठलेल्या वाफांचेहि असतात. परंतु फुप्फुसांत खोल जाणारे ते हेच. आणि लगेच हेंहि सांगितलें पाहिजे कीं त्याच शहरावरील साल्व्हो व गायगर यांच्या २०१४ सालच्या अभ्यासांत जमिनीलगतचा ओझोन वायु उलट दिशेनें हललेला दिसला; पेट्रोल वाढलें तेव्हां तो सुमारें वीस टक्क्यांनीं कमी झाला. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात, तो हा प्रकार.

आपल्याकडील रस्त्यांवर पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनांत सर्वांत मोठी संख्या दुचाकींची आहे. त्यांच्या एंजिनांत पेट्रोल थेट नळकांड्यांत फवारलें जात नाहीं. तें आधीं हवेशीं मिसळूनच आंत जातें, म्हणजे जात जुनी, स्टोव्हच्या वाटीला जवळची. नवीन महागड्या मोटारींतून मात्र थेट फवाऱ्याचीं एंजिनें वाढत आहेत. आमच्या शेजाऱ्यांनीं अशी एक मोटार नुकतीच घेतली. पांढरी शुभ्र आहे, आणि शेजारी दर रविवारीं ती स्वतः धुतात. परवां त्यांनीं मागच्या नळीच्या तोंडांतून बोट फिरवून मला दाखविलें, आणि पेट्रोलच्या गाडींत हें कोठून आलें म्हणून विचारलें. बोटाचें पेर काळें झालेलें होतें, अगदीं तुपाच्या दिव्यावरच्या काजळासारखें. त्यांच्या घराच्या भिंतीशीं उभ्या असलेल्या मुलाच्या मोटारसायकलच्या नळींत मग आम्ही दोघांनींहि बोट घालून पाहिलें. तें करड्या रंगाचें निघालें.